खेळाच्या पडद्याआडची सैन्यभरती



हिंसक व्हिडिओ गेम खेळून मुले हिंसक होतात काय, हा वाद अमेरिकेत वर्षानुवर्षे रंगविला गेला आहे. अशा खेळांमुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नाही, आक्रमकतेशी त्यांचा संबंध आढळतो तो अल्प आहे, असे तेथील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० साली स्पष्ट केले. परंतु या वादाच्या धुरळ्यात एक अधिक गंभीर प्रश्न झाकला गेला. हे खेळ सैन्याला कशासाठी हवे असतात?

व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, १९७३ साली, अमेरिकेतील सक्तीची सैन्यभरती थांबली. तेव्हापासून तरुणांची मने वळविणे सेनाधिकाऱ्यांना भाग पडले. १९९६ साली मरीन दलाने ‘डूम’ हा बाजारातील खेळ जवानांच्या सरावासाठी बदलून घेतला. पुढे ४ जुलै २००२ रोजी, नेमक्या स्वातंत्र्यदिनी, सैन्याने ‘अमेरिकाज आर्मी’ हा स्वतःचाच खेळ प्रसृत केला, आणि तोही फुकट! १३ वर्षांच्या मुलालाही तो खुला होता. त्याच्या संकेतस्थळावरून थेट भरतीच्या संकेतस्थळाकडे जाण्याची वाट ठेवलेली होती. या खेळातील एक युक्ती ध्यानात घेण्याजोगी आहे. सामना दोन गटांत होई, पण दोन्ही गटांतील प्रत्येकाला आपण अमेरिकन सैनिक आणि समोरचा तो शत्रू, असेच दिसे. शत्रूच्या जागी उभे राहण्याची सोयच त्यात नव्हती.

कॅलिफोर्निया राज्याने २००५ साली हिंसक खेळ १८ वर्षांखालील मुलांना विकण्यास बंदी करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने तो २०११ साली रद्दबातल ठरविला. दुकानदाराच्या विक्रीवर एवढा खल झाला. सरकार जे फुकट वाटत होते, त्याला मात्र त्या कायद्याने हात लावलेला नव्हता.

एका माणसाने त्याला आपल्या परीने हात घातला. नेवाडा विद्यापीठातील कलेचे प्राध्यापक जोसेफ डिलॅप २००६ पासून या खेळात शिरत, हातचे शस्त्र टाकून देत आणि इराकमध्ये मृत्यू पावलेल्या सैनिकांची नावे, वये व मृत्यूच्या तारखा एकामागून एक टंकित करीत. इतर खेळाडू त्यांना गोळ्या घालीत, खेळातून हाकलीत. ते पुन्हा येत.

सैन्याच्या पैशाने दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात उभ्या राहिलेल्या संस्थेच्या सहभागाने घडलेला ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’ हा खेळ २००४ साली बाजारात आला. मनाने उद्ध्वस्त होऊन इराकहून परतलेल्या सैनिकांच्या उपचारासाठी पुढे त्याच खेळातील दृश्ये उपयोगात आणली गेली.

२०२२ साली ‘अमेरिकाज आर्मी’ बंद झाला. तत्पूर्वीच, २०१८ साली, व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत उतरणारा स्वतःचा संघ सैन्याने भरतीच्या कामासाठी उभा केला होता.