नवा फोन घ्यायचा, पण कुणाच्या हातात?

शेतातून नुकत्याच घरी आलेल्या, चुलीपुढं बसलेल्या, गोठ्यात धार काढता काढता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्या ताया, मावश्या, काकू, तुम्हाला आमचा रामराम.

पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट. सांगोला तालुक्यातल्या आमच्या एका गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते जमा झाले, इतिवृत्त लिहून झालं. बायका उठायला लागल्या तेवढ्यात एक ताई हळूच म्हणाली, "मला 12,000 रुपये कर्ज पाहिजे." कशासाठी? "फोनसाठी."

गटानं आजवर शेळीला कर्ज दिलं, शिलाई मशीनला दिलं, दवाखान्याला दिलं, बियाण्याला दिलं. फोनसाठी मात्र पहिल्यांदाच कुणी मागत होतं. अर्ध्या जणी म्हणाल्या, "फोन काय दूध देतोय का?" उरलेल्या म्हणाल्या, "आता फोनशिवाय पान हलत नाही, द्या तिला." आम्हालाही त्या दिवशी पटकन उत्तर देता आलं नाही. कारण त्याच्या पंधरा दिवस आधी गटानंच ठराव करून हिशेब लिहिणाऱ्या ताईसाठी नवा फोन घेतला होता, आणि दुकानात उभं राहून "घेऊन टाका" म्हणणाऱ्या आम्हीच होतो.

म्हणून आज आधी त्या नव्या फोनचा अनुभव सांगतो, आणि मग त्या ताईच्या कर्जाचं काय झालं ते.

गटाचा जुना फोन पाच वर्षांचा होता. 2 जीबी रॅम, 32 जीबी जागा. गटाची माहिती लोकओएस अॅपवर भरायची म्हटलं की तो घाम काढायचा. नाव भरलं, बचत भरली, आणि जतन करायच्या वेळी पडदा काळा. परत पहिल्यापासून. नवा फोन 6 जीबी रॅमचा आणि 128 जीबी जागेचा आला. पहिल्याच दिवशी दहा जणींची माहिती एका बैठकीत भरून झाली. ताईला रात्री घरी बसून काम करावं लागलं नाही. हा फायदा खरा आहे, आणि एवढ्यासाठी तो फोन घेतला ते बरोबरच झालं.

दुसरा फायदा कॅमेऱ्याचा. आमच्याकडं डाळिंबाच्या बागा. फळावर तेल्याचा ठिपका दिसला की फोटो काढून कृषी सहायकांना पाठवायचा. जुन्या फोनच्या फोटोत ठिपका आहे की धूळ बसली आहे तेच कळायचं नाही. नव्यात ठिपक्याच्या कडासुद्धा दिसतात. तिसरा फायदा बॅटरीचा. दुपारी वीज गेली तरी संध्याकाळपर्यंत काळजी नाही.

आता दुसरी बाजू ऐका. फोन आकारानं मोठा. आमच्या कंबरेच्या पिशवीत मावेना. खाली वाकलं की पडायचा. कव्हर आणि काच यांचे पैसे वेगळे गेले. डब्यात चार्जर नव्हता, नुसती वायर होती, हे घरी आल्यावर कळलं. जुन्या चार्जरवर फोन चार्ज होतो, पण सावकाश.

बोट ठेवलं की फोन उघडतो, असं दुकानदारानं त्याचं बोट ठेवून दाखवलं होतं. आमची बोटं तो ओळखेना. भांडी, राख, खुरपं यांनी रेषा झिजलेल्या, हिवाळ्यात चिरा पडलेल्या. रेशनच्या मशीनवर जे होतं तेच इथं. शेवटी हात धुऊन, कोरडे करून एकच बोट दोनदा नोंदवलं, तेव्हा कधी घेतो, कधी नाही. म्हणून आकड्यांचं कुलूपही लावून ठेवलं. तुम्हीही ते लावाच. फक्त आपली जन्मतारीख किंवा 1234 ठेवू नका.

फोन चालू केला तर त्यात न मागता आलेली कितीतरी अॅप. खेळ, खरेदी, आणि "पाच मिनिटांत कर्ज" अशा जाहिराती. गटात राहून सावकारी मोडायची आणि खिशात नवा सावकार बाळगायचा, असं कसं चालेल? नको ती अॅप काढून टाकली, जाहिरातींच्या सूचना बंद केल्या. 128 जीबी म्हणतात, पण त्यातली बरीच जागा फोनच्या स्वतःच्या कारभारातच जाते, हेही तेव्हा समजलं.

आणि 5जी! देशात 5जी सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली. आमच्या फोनवर ते अक्षर तालुक्याच्या रस्त्याला लागलं की उमटतं आणि गावाच्या ओढ्यापाशी गायब होतं. घरात 4जीच. तेव्हा "5जी आहे म्हणून घ्या" असं कुणी सांगितलं तर आधी गावातल्या एखाद्या 5जी फोनवर आपल्या ओसरीत बसून बघा.

सगळ्यात मोठा धडा आम्हाला एका मावशींनी दिला. त्यांना लिहिता येत नाही. नव्या फोनवर माईकचं चिन्ह दाबून त्या मराठीत बोलल्या आणि अक्षरं आपोआप उमटली. मावशी हरखून गेल्या. आम्हीही म्हणालो, बघा, नव्या फोनची कमाल. हिशेबाच्या ताईनं गुपचूप जुना फोन काढला, तेच चिन्ह दाबलं, आणि त्यातही अक्षरं उमटली. पाच वर्षं ती सोय आमच्या हातात होती. आम्ही कधी दाबून बघितलीच नव्हती.

मग आम्ही जुना फोन समोर घेऊन बसलो. शुभ सकाळचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ, तेच तेच चार चार वेळा आलेलं. ते काढलं. आलेला प्रत्येक फोटो आपोआप साठवण्याची सोय बंद केली. बॅटरी बदलून घेतली. फोनची बॅटरी साधारण 500 वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद कमी व्हायला लागते. दोष पूर्ण फोनचा नसतो. आता तो जुना फोन बैठकीचे फोटो काढायला, मराठी टंकायला आणि हा रेडिओ कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायला वापरतो.

यातून आम्ही चार प्रश्न काढले. ते गटात बोलून दाखवा.

पहिला: जुन्या फोनमुळं माझं नेमकं कुठलं काम अडलं आहे? नाव घेऊन सांगा. "जुना झालाय" हे काम नव्हे.

दुसरा: ते दुरुस्तीनं सुटेल का? जागा भरली असेल तर साफ करा. लवकर उतरत असेल तर बॅटरी बदला. चार्जिंगची वायर सैल बसत असेल तर आधी तिथला कचरा आणि धूळ काढून घ्या. मात्र फोनची पाठ फुगली असेल तर चार्ज करू नका, उशाशी ठेवू नका, थेट दुरुस्तीवाल्याकडं न्या. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते.

तिसरा: फोनला सुरक्षेचे अपडेट येतात का? सेटिंगमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. ती काही वर्षं जुनी असेल, तर त्या फोनवर बँकेचा व्यवहार नको. गाणी ऐका, फोटो काढा. नवा घेतानाही विचारा, अपडेट कुठल्या वर्षापर्यंत येतील? ही वर्षं बहुधा मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नाही. स्वस्तात मिळतो म्हणून तीन वर्षांपूर्वीचं मॉडेल घेतलं तर तेवढी वर्षं आधीच गेलेली असतात.

चौथा प्रश्न शेवटी सांगतो, कारण तो त्या ताईचा आहे.

तिच्याकडं एका दुकानदारानं दिलेला कागद होता. फोनची रोख किंमत 12,000. "व्याज शून्य" असं ठळक लिहिलेलं. आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. आधी भरायचे 2,000. मग 1,150 चे दहा हप्ते, म्हणजे 11,500. फाइलचा खर्च 599. बेरीज 14,099. व्याज शून्य, आणि वर 2,099 जास्त! गटाचं कर्ज घेतलं तर? 12,000 रुपये, महिना 1 टक्का, उरलेल्या रकमेवर, दहा हप्त्यांत. व्याज होतं 660 रुपये. आणि तेही आपल्याच गटाच्या पेटीत राहतं. कुठल्याही हप्त्याच्या कागदावर ही बेरीज स्वतः करा: आधीचे पैसे, अधिक सगळे हप्ते, अधिक बाकीचे खर्च. मग रोख किमतीशी ताडून बघा.

हिशेब पटला. तेवढ्यात एका काकूंनी विचारलं, "फोन वापरणार कोण?"

ताई गप्प झाली. मग म्हणाली, "पोरगं. कॉलेजला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म, सगळं फोनवर. त्याचा फोन माझ्याकडं येईल."

बायांनो, हे एकट्या तिच्या घरातलं नाही. आपल्यातल्या किती जणींच्या हातातला फोन आधी नवऱ्याचा, मग मुलाचा आणि मग आपला झालेला आहे? काच तडकलेली, बॅटरी उतरलेली, त्यात आपला आकडाही कुणी दुसऱ्यानं ठेवलेला. कर्ज बाईच्या नावावर, हप्ता दुधाच्या पैशातून, आणि नवा फोन दुसऱ्याच्या खिशात. त्याहून अडचणीचं म्हणजे बँकेला जोडलेलं सिमही नव्या फोनबरोबर जातं. मग आपल्या खात्यात पैसे आले की संदेश त्याला, ओटीपी त्याला, आणि आपण विचारायचं, "बाबा, पैसे आले का रे?"

पोराची गरज खोटी नव्हती. त्याचं शिक्षण थांबावं असं गटात कुणालाच वाटत नव्हतं. चर्चा तासभर चालली. शेवटी ठराव झाला. कर्ज द्यायचं. पण ताईचं बँकेचं सिम ताईच्याच फोनमध्ये राहील. तिच्याकडं येणाऱ्या फोनची बॅटरी मुलगा त्याच्या सुट्टीतल्या कामाच्या पैशातून बदलून देईल. आणि पैसे पाठवायचा पिन तिचा तिनं ठेवायचा, कुणाला सांगायचा नाही. मुलाला बैठकीला बोलावून हे वाचून दाखवलं. तो जरा ओशाळला, पण हो म्हणाला. तर चौथा प्रश्न हाच: फोन कुणाच्या हातात राहणार, आणि सिम कुणाच्या?

जाता जाता फोन बदलतानाची तीन कामं लिहून घ्या.

एक, आपलं गुगल खातं आणि त्याचा पासवर्ड आपल्याला माहीत पाहिजे. आमच्या कितीतरी जणींचं खातं दुकानदारानंच काढून दिलेलं असतं. फोन पुसला की तो जुनं खातं विचारतो, आणि आपण बघत राहतो. आजच वहीत लिहा, वही पेटीत ठेवा.

दोन, सिम नव्या फोनमध्ये घातलं की पैशाचं अॅप पुन्हा ओळख पटवून घेतं. त्यासाठी त्याच सिमवरून संदेश जातो. हे काम दुकानाच्या काउंटरवर नको, घरी बसून करा. जुना फोन कुणाला देण्याआधी पैशाच्या अॅपमधून बाहेर पडा आणि फोन पूर्ण पुसा.

तीन, वापरलेला फोन विकत घेत असाल तर *#06# दाबा. 15 आकडी नंबर येईल. केवायएम लिहून, मोकळी जागा सोडून तो नंबर 14422 वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. केवायएम ही तीन अक्षरं इंग्रजीत लिहायची, मुलीला विचारा. आणि पैशाची फसवणूक झाली तर लाजू नका, थांबू नका, लगेच 1930 ला फोन करा.

त्या ताईचा चौथा हप्ता परवा वेळेवर आला. गेल्या आठवड्यात बैठकीत तिचा जुना फोन वाजला. तिनं चष्मा लावला, संदेश वाचला आणि मोठ्यानं म्हणाली, "डेअरीचे पैसे आले." तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला फोन घेऊन या. बँकेचं सिम कुणाच्या फोनमध्ये आहे, एवढंच एकमेकींना सांगा. तिथून बोलणं सुरू होईल. भेटू पुढच्या आठवड्यात. रामराम.