मुक्या यंत्राचें दफ्तर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास वारले. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं काढला. पुढें त्या मालेचे २२ खंड झाले. बखरकाराच्या सांगण्यावर न विसंबतां मूळ पत्र डोळ्यांनीं पाहावें, असा त्यांचा हट्ट होता. त्यांच्या नांवानें धुळ्यास निघालेल्या संशोधन मंडळांत जुनीं दफ्तरें आजहि जतन केलेलीं आहेत. तोच हट्ट आतां अगदीं निराळ्या वस्तूविषयीं धरण्याची वेळ आली आहे. ती वस्तु म्हणजे जुन्या संगणकांतील चित्रकार्डाच्या ड्रायव्हरची मूळ संहिता.

पडद्यावर अक्षर वा चित्र उमटविण्याचें काम संगणकांतील एक स्वतंत्र कार्ड करतें. मुख्य आज्ञावलीची भाषा एक, कार्डाची दुसरी. दोहोंमध्यें दुभाषेपण करणारा तो ड्रायव्हर. माणसास वाचतां येईल अशा रूपांत तो प्रथम लिहिला जातो, ती मूळ संहिता. तिच्यापासून यंत्रासाठीं निव्वळ अंक तयार होतात, आणि गिऱ्हाइकाच्या हातीं बहुधा हे अंकच पडतात. पीठ पाहून ज्वारी ओळखतां येते, पण पिठाचें पुन्हा कणीस होत नाहीं! मुख्य आज्ञावली बदलली कीं जुना दुभाषी निरुपयोगी ठरतो. मूळ संहिता असेल तर त्याला नवें बोलणें शिकवितां येतें. नसेल तर धडधाकट कार्ड मुकें होऊन बसतें.

हें दुखणें परक्यांचें आहे, असें मात्र कोणी समजूं नये. परदेशी संगणकाचा पडदा इंग्रजीच्या बेताचा होता. ८० रकाने, २५ ओळी, आणि एका रकान्यांत एक अक्षर. वेलांटी, उकार, जोडाक्षरें यांची त्यांत सोय कोठली? कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें सुरू झालेल्या व पुढें पुण्याच्या सी-डॅकमध्यें वाढलेल्या 'जिस्ट' योजनेनें ही अडचण सोडविली. जिस्ट कार्ड बसविलें म्हणजे डॉसवरील इंग्रजी कार्यक्रमांतहि मराठी लिहितां-वाचतां येई. पुढें विंडोज आली, युनिकोड आलें, आणि कार्ड ज्या खांचेंत बसे ती खांचच नव्या संगणकांतून नाहींशी झाली. तरीहि त्या काळीं 'इस्की' संकेतांत सांठविलेला मजकूर बुडाला नाहीं. कोणत्या अंकानें कोणतें अक्षर दाखवावें, हें १९९१ सालीं भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झालें होतें. म्हणून कार्ड नसतांहि तो मजकूर आज युनिकोडांत उतरवितां येतो. ही बुद्धि ड्रायव्हरच्या बाबतींत फार थोड्यांना सुचली.

सुचलेल्यांपैकीं एक अमेरिकेंतील थ्रीडीएफएक्स कंपनी. तिचें १९९६ चें व्हूडू कार्ड खेळांच्या शोकिनांत फार गाजलें. डिसेंबर १९९९ मध्यें तिनें आपल्या 'ग्लाइड' या चित्र-आज्ञांच्या संचाची मूळ संहिता खुली केली. एका वर्षानें तिची मालमत्ता एनव्हिडियास विकण्याचें ठरलें. म्हणजे हा शहाणपणा अगदीं वेळेवर सुचला म्हणावयाचा. लिनक्सनें २०२३ सालीं ६.३ या आवृत्तींतून थ्रीडीएफएक्स, मॅट्रॉक्स, सॅव्हेज इत्यादि कार्डांचे जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढून टाकले. पण काढलें म्हणजे जाळलें नव्हे. लिनक्सचे फेरफार 'गिट' नांवाच्या वहींत नोंदलेले असतात. त्यापूर्वींचें पान उघडलें कीं ती संहिता जशीच्या तशी हातीं येते.

तेव्हां जळगांवच्या एखाद्या जिनिंगच्या कचेरींत वा धुळ्याच्या एखाद्या छापखान्याच्या माळ्यावर जुना संगणक असेल, तर तो भंगारांत देण्यापूर्वीं कार्ड काढून पाहावें. खोक्यावरचें नांव फसवें असतें, कारण एकाच जातीच्या चिपेवर अनेक कंपन्या आपापलीं नांवें लावीत. चिपेवरील मजकूर भिंगानें वाचावा. पीसीआय खांचेचें कार्ड असल्यास तें निर्मात्याचा अंक स्वतःच सांगतें; थ्रीडीएफएक्सचा १२१ए, एस-थ्रीचा ५३३३. त्यावरून लिनक्सच्या व एक्स-ऑर्गच्या जुन्या संहितेंत त्या कुळाचा ड्रायव्हर शोधावा. त्याहून जुन्या आयसा खांचेच्या कार्डापाशीं बहुधा असा अंक नसतो. तेथें भिंगच खरें. सोबतची फ्लॉपी सांपडलीच, तर ती पुनःपुन्हा चालवून पाहण्याचा मोह आवरावा आणि पहिल्या वाचनांतच तिची संपूर्ण प्रत उतरून घ्यावी, कारण बुरशी धरलेला लेप दुसऱ्या खेपेस टिकेलच असें नाहीं. चिपेच्या निर्मात्याचें तांत्रिक पुस्तक हातीं लागल्यास तें तर रद्दींत मुळींच घालूं नये. कार्डाच्या आंतील नोंदकप्प्यांचे पत्ते त्यांत दिलेले असतात, आणि मूळ संहिता हरवली असली तरी त्या पत्त्यांच्या आधारानें जाणत्याला नवा ड्रायव्हर लिहितां येतो.