लेथवर आटे पाडायला घरी बनवलेलं हँडल

मी सरगूरहून बोलतोय. म्हैसूर जिल्ह्यात, कबिनी धरणाच्या बाजूचं हे तालुक्याचं गाव. इथे माझं एका लेथचं छोटं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक शेतीची: पंपाचे शाफ्ट, पॉवर टिलरच्या पिना, बुश. गिऱ्हाइकं कन्नड बोलतात, घरात मराठी. लेथ म्हटलं की दोन्हीकडच्या लोकांना एकच आडनाव आठवतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४१ साली इकडे हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाली. तिथले जुने लेथ अजून गावोगाव फिरताहेत. माझा लेथही जुन्या पिढीतलाच. त्याला ब्रेक नाही. लीड स्क्रू इंची, इंचाला चार आटे.

आज सांगणार आहे ते एका नुकसानीतून शिकलेलं आहे. एका शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट होता. टोकाला एम १६ चे आटे, पिच २ मिमी, लांबी ३० मिमी, आणि लगेच पुढे कॉलर. कॉलरच्या अलीकडे टूल थांबवायला फक्त ३ मिमीचा गाळा. माझा सर्वांत कमी स्पीड मिनिटाला ४० फेरे. आता हिशेब करा. टूल मिनिटाला ८० मिमी पुढे जातं, म्हणजे सेकंदाला साधारण १.३ मिमी. गाळ्यात हाताशी राहतात सव्वादोन सेकंद. तेवढ्यात टूल मागे घ्यायचं आणि मोटार बंद करायची. मोटार बंद केली तरी चक दोन-तीन फेरे फिरतोच. नऊ वेळा जमलं. दहाव्या वेळी दारात कोणी हाक मारली, मी मान वळवली, आणि टूल कॉलरमध्ये घुसलं. टूल मोडलं, शाफ्ट वाकला. ऐन पाण्याच्या दिवसांत त्या माणसाचा पंप आणखी दोन दिवस बंद राहिला.

हाफ नट उघडून टाकायचा ना, असं तुम्ही म्हणाल. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना ते चालत नाही. १२७ दातांचं गिअर लावून पिच बरोबर येतो, पण हाफ नट एकदा उघडला की पुन्हा त्याच आट्यात टूल पडेल याचा भरवसा नाही. नट बंदच ठेवून लेथ उलटा फिरवावा लागतो.

म्हणून हे हँडल. स्पिंडलच्या मागच्या तोंडात ते घट्ट बसवायचं आणि चक हाताने फिरवायचा. रचना अगदी जुन्या सायकलच्या हँडलसारखी. तिथे वरचा बोल्ट आवळला की खालचा कोन वर ओढला जातो आणि दांडा नळीत फुगून बसतो. इथेही तेच.

माझ्या स्पिंडलचा बोर ३८ मिमी आहे. तुमचा आधी साफ करून मोजा. ४० मिमीचा माइल्ड स्टीलचा गोल तुकडा घ्या, लांबी १०५ मिमी. त्यातला ८० मिमी भाग ३७.८ ला टर्न करा. उरलेली कॉलर बाहेर राहील. आरपार १२.५ चं भोक पाडा. आत जाणाऱ्या तोंडाला टेपर बोअर करा, एका बाजूने १० अंश. त्याच कोनाचा एक ठोकळा टर्न करून त्यात एम १२ चे आटे पाडा. टेपर यापेक्षा फार कमी ठेवलात तर काम झाल्यावर हँडल सुटता सुटत नाही.

आता फटी. तोंडापासून ६० मिमीवर ५ मिमीची आडवी भोकं एकमेकांना काटकोनात पाडा आणि मग हॅकसॉने तोंडापासून भोकापर्यंत चार फटी कापा. भोकं नसतील तर फटीच्या टोकाला तडा जातो. कोनाच्या ठोकळ्यावर एक छोटी पिन बसवा, ती फटीत अडकली पाहिजे. मी पहिल्यांदा ती विसरलो, आणि बोल्टबरोबर कोनही नुसता गोल फिरत बसला.

कॉलरला ४० बाय १० ची पट्टी वेल्ड करा. मध्ये बोल्टसाठी भोक. केंद्रापासून १८० मिमीवर मूठ, तिच्यावर सैल पाइप, म्हणजे तळहात सोलत नाही. पट्टी गिअरच्या झाकणाला लागत नाही ना, ते आधी बघा.

वापरताना स्पीडचा लिव्हर न्यूट्रलला, हाफ नट बंद. कार्बाइड इथे कामाचं नाही. हाताच्या वेगाला धारदार एचएसएस टूल आणि कटिंग ऑइल. पहिले कट ०.२ मिमीचे, शेवटचे ०.०५ चे, एम १६ ला एकूण खोली १.२३ मिमी. गाळ्यात आलात की थांबा, टूल मागे घ्या, हँडल उलटं फिरवा. सुरुवातीच्या जागेपेक्षा थोडं आणखी मागे जाऊन मग पुढे या, म्हणजे गिअरचा ढिलेपणा निघून जातो. ३० मिमीला एका कटचे १५ फेरे होतात, बारा कट म्हणजे १८० पुढे आणि १८० मागे. त्यामुळे लांब आट्यांसाठी हा उपाय नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हँडल आत असताना मोटार चालू झाली, तर ती पट्टी माणसाचा हात मोडेल. माझ्याकडे एक शिकाऊ पोरगा आहे. एकदा त्याने सवयीने स्टार्टरकडे हात नेला होता. तेव्हापासून हँडलची खुंटी मेन स्विचच्या शेजारी आहे. स्विच पाडून कुलूप लावायचं, मगच हँडल काढायचं. किल्ली हँडलला बांधलेली. हँडल खुंटीवर परत आल्याशिवाय कुलूप उघडत नाही. आता तोच मला विचारतो, "अण्णा, हँडल जागेवर?"

तो शाफ्ट मी पदरच्या लोखंडातून नवा करून दिला, याच हँडलवर. आटे पाडायला पाऊण तास गेला. कुणीतरी हाक मारली, तेव्हा मी हात थांबवला, बोललो, आणि पुन्हा फिरवायला लागलो.

तुमच्या लेथचा बोर आजच मोजून ठेवा. आणि आधी खुंटी आणि कुलूप लावा, हँडल नंतर बनवा.