वेबसाइटला पाऊस लावला त्याची गोष्ट

राजूरहून बोलतोय. मामाच्या भंडारदऱ्याच्या होमस्टेची वेबसाइट मी घरीच बनवली. मामा म्हणाला, "उघडली की गाणं वाजलं पाहिजे." टाकलं ऑटोप्ले. फोनवर उघडलं तर चिडीचूप!

कारण साधं आहे. बोट लागल्याशिवाय क्रोम पानाला आवाज करू देत नाही. कॉम्प्युटरवर हे २०१८ला आलं, मोबाईलवर त्याआधीच. बरंच झालं म्हणा. एसटीत कुणाच्या खिशातून अचानक ढोल वाजला तर?

मग ऑडिओ टॅगमध्ये कंट्रोल्स लिहिलं, प्लेचं बटण आलं. लूप लिहिलं की परत परत वाजतं. आणि प्रीलोड नन लिहाच. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मिनिटाला साधारण १ एमबी खाते, आणि आपल्याकडे घाटात रेंजची बोंब.

राहिलं गाणं. मामाला सिनेमाचंच हवं होतं. पण भारतात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, चालीचा आणि शब्दांचा आणखी वेगळा. परवानगी कोण काढणार? मामा दोन दिवस फुगून बसला.

शेवटी ओट्यावर फोन ठेवला आणि पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड केला. फुकट, आणि आपला. मामी म्हणते, मधेच कुत्रं भुंकलंय तेवढं काढ. मी ठेवलंय.