आधी ओल, मग रंग
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यातील भाषण)



सोसायटीला 25 वर्षं झाली. घरोघरी रंगाची, फर्निचरची, पीओपीची चर्चा सुरू आहे. चांगलंच आहे. पण आपण घोटीकर! भाताला मानवणारा आपला पाऊस भिंतींना मानवत नाही. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की ओल झाकते, जात नाही. पुढच्या श्रावणात पोपडे निघतातच.

म्हणून आधी गच्चीचा उतार, पाण्याचे पाइप, बाथरूमचे सांधे बघा. शंका आली तर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून एक-दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी सुटलं, तर रंगाऱ्याला थांबवा, दिवाळीची कितीही घाई असो.

आणि खोली मोठी दिसावी म्हणून कॉलम-बीमला हात लावू नका. खांब तुमच्या घरात दिसतो, पण भार वरच्या सगळ्यांचा घेतो. आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर 5 वर्षांनी करायचं असतं. त्याचा खर्च सभेत आला, की कुरकुर न करता हात वर करा.

मी बँकवाला, म्हणून एवढंच सांगतो: इमारत हे मुद्दल, सजावट हे व्याज. मुद्दल सांभाळा.