मोजणीत कोण धरायचं?



धरणगावात साहित्याच्या व्यासपीठावर चढलेल्या माणसाने पहिलं नाव बालकवींचं घ्यायचं असतं. मीही घेतो. फक्त त्यांच्या कवितेबद्दल आज बोलणार नाही, त्यांच्या पत्त्याबद्दल बोलणार आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे १३ ऑगस्ट १८९० रोजी या गावात जन्मले, आणि तेवढ्यावर आपण त्यांना आपलं म्हणतो. वडील पोलीस खात्यात, म्हणजे बदली आली की बिऱ्हाड हललं. ‘बालकवी’ हे नाव त्यांना मिळालं १९०७ मध्ये, जळगावच्या कविसंमेलनात. पुढे नगरला ते रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे राहिले. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले. त्यापायी त्या कुटुंबाची किती ताटातूट झाली, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. तरीही ब्राह्मण घरातला हा हळवा मुलगा तिथे घरचाच होऊन राहिला. ५ मे १९१८ ला भादलीच्या रेल्वेरुळांवर त्यांचा अंत झाला, तेव्हा तिशीही गाठली नव्हती.

जन्मगावाचा हक्क मी नाकारत नाही. पण आपल्या माणसांना दुरावलेल्यांनीच या कवीला घर दिलं, ही गोष्ट जयंतीच्या भाषणात आपण हमखास गाळतो. गाळतो, कारण ती सांगितली की जन्मावरून कोण कुठला ते ठरवण्याची आपली सोय जाते.

याच गावाची आणखी एक ओळख आहे, तिला तर हारतुरेही नाहीत. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती गेला. सातपुड्यातले, सातमाळ्यातले भिल्ल त्यांच्या दप्तरात येतात ते बहुतेक लुटारू म्हणून. घाट आणि गावं राखण्याबद्दल या लोकांना पूर्वापार जे मिळत होतं, ते मागच्या धामधुमीत बुडालं होतं, हे त्या दप्तरातही दडलेलं नाही. आधी फौजा पाठवून झाल्या. त्याने काही साधेना, तेव्हा १८२५ मध्ये धोरण फिरलं. माफी द्यायची, जमीन आणि तगाई देऊन वसवायचं, आणि त्यांच्यातूनच एक पलटण उभी करायची. हे काम जेम्स औट्रमकडे आलं. पुढे सत्तावनच्या धामधुमीत लखनौला गाजला, तोच हा. भिल्ल पलटणीचं ठाणं होतं आपलं धरणगाव.

औट्रम हुशार होता. भिल्लांबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात राहिला, त्यांचा विश्वास मिळवला. त्याचं कौतुक इंग्रजांनी भरपूर करून ठेवलंय, मी त्यात भर घालत नाही. ज्यांचे पूर्वज कुठल्याही दप्तराच्या आधीपासून या डोंगरांत होते, त्यांना आपल्याच मुलखात निर्धास्त फिरायला सरकारची वर्दी चढवावी लागली, ही गोष्ट मला सलते. माणूस तोच, डोंगर तोच. शिक्का बदलला आणि लुटारूचा शिपाई झाला. नाझी जर्मनीतून पळालेली आणि नंतर कित्येक वर्षं कुठल्याच देशाची नागरिक नसलेली हॅना आरेंट १९५१ च्या ग्रंथात हेच मांडते: ज्याला कुठल्याच समूहात जागा उरत नाही, त्याचे बाकीचे हक्क नुसते सांगायचे. तिच्यापुढे युरोपातले निर्वासित होते. आपल्याला एवढ्या लांब जायची गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरकार शिक्के मारतं, पण गाव मायेचं असतं. असतं ना. श्रावणात घरात कानबाई देवी बसते तेव्हा सुरतेच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. उधन्यात, लिंबायतमध्ये दोन-दोन पिढ्या काढलेली माणसं त्या दोन दिवसांसाठी गावी येतात. तिच्या प्रसादाच्या रोटांचं धान्य माणसागणिक काढायचं, तेव्हा सुरतेच्या कारखान्यात अडकलेला भाऊही मोजणीत धरला जातो. माणूस नसतानाही त्याची जागा राखणारी अशी रीत मला दुसरीकडे क्वचितच दिसली. मात्र रोट खायचा तो भाऊबंदांतच. लेक लग्न होऊन गेली की त्या मोजणीतून उतरली. आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीचं नाव त्या घरात निघतच नाही. माया खरी आहे, पण तिलाही कुंपण आहे, आणि ते आपणच घातलंय.

आजचं कुंपण कायद्याचं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं. आदिवासी नसलेल्याला तर तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. यावल, चोपडा, रावेरच्या डोंगरपट्ट्यातल्या पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबांना पंचाहत्तर वर्षांची अट नाही, पण त्यांनी २००५ पूर्वीची तरी पावती कुठून आणायची? पण याच कायद्याच्या नियमांत एक शहाणपणाची जागा आहे. घर, विहीर, दफनाची जागा, देवस्थान हा पुरावा धरतात, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाचं सांगणं लिहून घेतलं तर तेही धरतात. म्हातारीचं बोलणं दस्त होऊ शकतं! साहित्यिकांच्या कानावर याहून चांगली बातमी कधी आली असेल, असं मला वाटत नाही.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे. आपल्या मंडळांनी वर्षातली काही काव्यवाचनं कमी करावीत (कवी रागावतील, रागावू देत) आणि वस्त्यांवर जाऊन बसावं. कोणत्या नाल्याला काय म्हणतात, कोणाचं शेत कुठवर होतं, कोण कुठे पुरलंय, हे सांगणाऱ्याच्या बोलीत, तारखेनिशी उतरवून घ्यावं, आणि त्यावर नाव सांगणाऱ्याचंच घालावं. याला साहित्य म्हणायचं का, असं कुणी विचारेलच. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी ऐकून उतरवून ठेवलं म्हणून त्यांच्या मागे, १९५२ मध्ये, त्यांचं पुस्तक निघालं. तेव्हा हा प्रश्न खानदेशात तरी विचारू नये.

या नोंदींचा एक संच ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे आणि एक आपल्या वाचनालयात राहावा, असा ठराव मी तयार करून आणलाय. चिटणीसांनी तो आता वाचून दाखवावा. ज्यांचा विरोध असेल त्यांनी जेवणाआधी बोलावं, नंतर कुणी थांबत नाही.