न उघडणारे फाटक

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



उद्घाटनाची फीत कापण्यापूर्वी मी प्रदर्शनातून एक फेरी मारली. सौरचूल, ज्वालामुखी, यमुनेच्या पाण्याचे परीक्षण असे सारे काही नेहमीच्या उत्साहाने मांडलेले आहे. माझे पाय थांबले ते मात्र कोपऱ्यातल्या एका साध्या प्रतिकृतीपाशी. आठवीतल्या दोघांनी पुठ्ठ्याचे कुरण केले आहे, त्याला तारेचे कुंपण घातले आहे आणि कुंपणात मधेच फाटकाऐवजी एका खड्ड्यावर काड्यांची जाळी बसवली आहे. खेळण्यातली जीप तीवरून सरळ निघून जाते, मातीची गाय मात्र अलीकडेच उभी राहते. खाली नाव लिहिले आहे, 'न उघडणारे फाटक'. आज मी याच फाटकाविषयी बोलणार आहे. त्यात थोडे विज्ञान आहे आणि एक कबुलीही आहे.

माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या आवाराला जांभ्या दगडाचा गडगा होता आणि आत येण्याच्या जागी बेडे होते. दिल्लीत वाढलेल्या मुलांनी बेडे पाहिलेले नसणार. दोन्ही बाजूंना भोके पाडलेले दोन खांब आणि त्या भोकांतून आडवे सरकवलेले तीन-चार बांबू, एवढीच त्याची रचना. आत यायचे तर वरचे दोन बांबू सरकवायचे, खालचा ओलांडायचा आणि पुन्हा सारे जागच्या जागी लावायचे. गुरांना हे जमत नाही, माणसाला जमते. ज्या गाईला तरीही उड्या मारण्याची खोड असे, तिच्या गळ्यात लाकडाचे लोढणे बांधत. कोणाचे गुरू दुसऱ्याच्या भातात शिरलेच तर त्याची रवानगी कोंडवाड्यात होई. १८७१ च्या कायद्याखालचा हा कोंडवाडा आमच्या लहानपणी धाक घालण्यासाठी उत्तम होता. बेडे लावायला विसरणाऱ्या मुलांनाही 'कोंडवाड्यात घालीन' असे ऐकावे लागे. मी ते अनेकदा ऐकले आहे.

बेड्याची व्यवस्था पायी चालणाऱ्यांच्या जगाची होती. कुरणातून गाडी जाऊ लागली तेव्हा प्रश्न अवघड झाला. अमेरिकेच्या पश्चिम भागात किंवा ऑस्ट्रेलियात एकेका पशुपालकाची कुरणे मैलोगणती पसरलेली असतात. १८७४ साली जोसेफ ग्लिडन या इलिनॉयमधल्या शेतकऱ्याला काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि पाहता पाहता मोकळी माळराने तारांनी विभागली गेली. आता जीप किंवा चार चाकांची मोटारसायकल घेऊन गुरांची पाहणी करणाऱ्याला दिवसातून कितीतरी कुंपणे पार करावी लागतात. दर वेळी उतरा, फाटक उघडा, गाडी पुढे न्या, पुन्हा उतरा, फाटक लावा. माणूस कंटाळतो आणि एके दिवशी 'आत्ताच तर परतायचे आहे' म्हणून फाटक उघडे टाकतो. गुरे नेमकी त्याच दिवशी रस्त्यावर येतात.

यावर लोकांनी निरनिराळे उपाय शोधले. एक फाटक असे की गाडीने पुढच्या दांड्याने हळूच ढकलले की ते फिरते आणि स्वतःच्या भारानेच जागेवर परत येते. दुसरे म्हणजे विजेचा सौम्य झटका देणाऱ्या लवचिक छड्यांचा पडदा. गाडी त्यातून जाताना छड्या वाकतात व पुन्हा सरळ होतात, जनावर मात्र जवळ जात नाही. सर्वांत जुना आणि टिकाऊ उपाय म्हणजे आपल्या मुलांनी केलेली जाळी. रेल्वेमार्ग जिथे कुंपण ओलांडत, तिथे तिचा वापर एकोणिसाव्या शतकातच होत होता.

हिची रचना समजून घेण्यासारखी आहे. रस्त्यात आडवा खड्डा खणतात आणि त्यावर लोखंडी पाइप किंवा जुने रूळ ओळीने टाकतात. दोन पाइपांत साधारण १० ते १५ सेंटिमीटर अंतर असते. चाकाला तेवढी फट सहज पार होते, खुराला होत नाही. पाइप गोल असेल तर अधिक चांगले, कारण त्यावर खूर ठरत नाही. जाळीची रुंदी सुमारे दोन मीटर किंवा त्याहून अधिक ठेवतात, नाहीतर चपळ जनावर उडी मारून जाते. पण खरी गंमत जनावराच्या डोळ्यांत आहे. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे तिला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, परंतु दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी दिसणारा समोरचा पट्टा अरुंद असतो आणि खोलीचा अंदाज नीट येत नाही. उजेड आणि अंधाराचे पट्टे दिसले की ती मान खाली घालते, हुंगते आणि मागे सरते. म्हणून काही ठिकाणी खड्डा न खणता रस्त्यावर नुसते पांढरे पट्टे रंगवूनही काम भागते.

अर्थात नेहमीच भागते असे नाही. इंग्लंडमधल्या मार्सडेन गावच्या मेंढ्यांनी अशा जाळीवरून चक्क अंग टाकून लोळत पलीकडे जायची युक्ती शोधून काढल्याची बातमी २००४ साली गाजली होती. पलीकडच्या बागांतली फुले त्यांना आवडली होती!

आता कबुलीकडे वळते. आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, पूर्वी शाळेचे मोठे फाटक एकच होते. सकाळी सव्वासातला बसगाड्या, रिक्षा, मोटारी यांची रांग लागे, मागून भोंगे वाजत आणि पहाऱ्यावरचे आमचे काका ते जड फाटक ओढून ओढून थकून जात. शेवटी ते उघडेच राहू लागले. मग रस्त्यावरच्या गाई आत येऊ लागल्या. एकदा मधल्या सुट्टीत एक वळू मैदानात शिरला आणि पहिली-दुसरीची मुले जी धावली, ती आठवण आजही नको वाटते. सुदैवाने कोणाला काही झाले नाही.

समितीची बैठक झाली. फाटकाच्या जागी पाइपांची जाळी बसवावी अशी सूचना आली. दिल्लीत बऱ्याच आवारांच्या दाराशी ती असते, लोक तिला 'काऊ कॅचर' म्हणतात. मला कल्पना फारच पसंत पडली. दिवाळीच्या सुट्टीत काम पूर्ण झाले. गाड्या न थांबता आत येऊ लागल्या, गाई बाहेर राहिल्या आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

जानेवारीत मावठा झाला. एका सकाळी आजीचे बोट धरून आलेला पहिलीतला मुलगा त्या ओल्या पाइपांवरून चालत आत येत होता. पाय घसरला, फटीत गेला आणि हाड मोडले. त्याला उचलून रुग्णालयात नेताना तो रडत नव्हता, फक्त माझ्या पदराला घट्ट धरून होता. संध्याकाळी त्याच्या घरी गेले. आजी रागावल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "बाई, गाड्यांचं दार केलंत, गाईंचंही बघितलंत. पोरांचं दार कुठाय?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. जाळीची रुंदी, पाइपांचा व्यास, खर्चाचा अंदाज या सर्वांवर मी सही केली होती. त्या कागदांत चाक होते, खूर होता, परंतु सहा वर्षांच्या मुलाचे पाऊल नव्हते. ते पाऊलही खुरासारखेच त्या फटीत जाऊ शकते हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि तो दोष इतर कोणाचा नसून माझा होता. अशी जाळी असते, तिथे अनेक ठिकाणी तिच्या शेजारी पायी जाणाऱ्यांसाठी वेगळे दार ठेवतात. ही गोष्ट विचारल्यावर कोणीही सांगितली असती. मी विचारले नव्हते.

त्यानंतर बाजूला वळसा घेऊन जाणारी अरुंद वाट केली. माणूस तिथे सहज वळतो, गाईचे लांब शरीर वळत नाही. वाटले, आता सारे झाले. दोन वर्षांनी चाकाच्या खुर्चीवरून येणारी एक मुलगी आपल्या शाळेत दाखल झाली. तिला ना जाळी चालत होती, ना वळणाची वाट. तेव्हा तिसरे, साधे, बिजागरीचे दार बसवले आणि ते उघडायला व लावायला पुन्हा काकाच उभे राहिले. जे काम यंत्राकडून होईल असे वाटले होते, त्याचा शेवटचा भाग माणसाकडेच आला. आणखी एक गोष्ट उशिराच कळली. गाई फाटक उघडे आहे म्हणून येत नव्हत्या, डब्यांतल्या उष्ट्या अन्नाचा ढीग आम्ही दाराशी ठेवत होतो म्हणून येत होत्या. ढीग हलवला तेव्हा निम्म्या गाई आपोआप दिसेनाशा झाल्या.

ब्रिटनमध्ये अशाच जाळीच्या खड्ड्यात काटेरी अंगाचे छोटे हेजहॉग पडून अडकत. एड्रियन कोल्स नावाच्या गृहस्थांना तसा एक प्राणी सापडला. खड्ड्यातून वर येण्यासाठी एक लहानसा उतार ठेवावा यासाठी ते झटले आणि १९८२ साली त्यांनी या प्राण्यांच्या रक्षणासाठी संस्था काढली. फाटक तेच, गाडी तीच, गुरे तीच, फक्त एका फळीची भर पडली. ती फळी सुचण्यासाठी कोणाला तरी त्या खड्ड्यात वाकून पाहावे लागले.

मुलांनो, तुमच्या प्रतिकृतीतली जीप पाहून मला आणखी एक प्रश्न पडला. गाडी कशी पार जाईल हे आपण शोधले, पण ती तिथून जावीच का? सुट्टीच्या दिवशी गुडगाव-फरीदाबादच्या अरवलीत जीपगाड्या चढवण्याचा छंद आता वाढला आहे. चाकांनी उकरलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. त्याच डोंगरांत मांगर बनी नावाचे देवराईसारखे रान आहे. आसपासच्या गुर्जर गावांनी श्रद्धेने तिथली धौची झाडे पिढ्यान्‌पिढ्या तोडली नाहीत. ते कुंपण लोकांच्या मनात होते.

उलट उदाहरण आपल्या साताऱ्याचे. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या कासच्या पठारावर पर्यटकांनी आणि वाहनांनी फुले तुडवू नयेत म्हणून तारेची जाळी लावली. हेतू शुद्ध होता. परंतु त्या जाळीने गुरांची चराईही थांबली, वन्य प्राण्यांची वाट अडली आणि उंच गवत वाढून फुले कमी होऊ लागल्याची तक्रार स्थानिक मंडळी व अभ्यासक करू लागले. शेवटी ती जाळी काढण्यात आली. गाडीला अडवायचे होते, अडली गाय. आमच्या दाराशी झाले त्याच जातीची ही चूक.

माजी विद्यार्थ्यांनो, या शाळेला साठ वर्षे झाली. मराठीपासून इतक्या दूर असलेल्या या शहरात आपण एक कुंपण राखले आहे, आणि ते राखलेच पाहिजे. पण त्याला दारे किती आहेत आणि ती कोणाच्या मापाची आहेत, हे दर काही वर्षांनी वाकून पाहायला हवे. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला, फी देताना संकोचणाऱ्या पालकाला, खुर्चीवरून येणाऱ्या मुलीला आत येता येते का? आम्हांला ते आतून नेहमीच दिसत नाही. तुम्ही बाहेरून पाहता, म्हणून तुम्हीच आम्हांला विचारत राहा.

तो पहिलीतला मुलगा आता कॉलेजात शिकतो. आज तो सभागृहात आहे आणि मघाशी त्यानेच मला ती प्रतिकृती दाखवली. तिच्यात जाळीच्या शेजारी काडीचे एक छोटे दार आहे. आठवीच्या त्या दोघांना मी विचारले, हे कशासाठी? ते म्हणाले, "बाई, गुराख्यासाठी."

मला आणखी काही सांगायचे नाही. प्रदर्शन आता सर्वांसाठी खुले आहे.